वेडावाकडा मोती आणि समुद्रकाठचा किल्ला

गुदैबियात एक राजवाडा आहे. मनामा शहराच्या या भागाला तो माहीत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि तो आतून पाहिलेला माणूसही सहसा भेटणार नाही. बहरीनच्या मंत्रिमंडळाच्या बैठका तिथे भरतात, परदेशी पाहुण्यांचं स्वागत तिथे होतं. आपल्यासारख्यांनी तो बाहेरूनच बघायचा. भिंतीच्या पलीकडे राज्यकारभार, आणि अलीकडच्या गल्ल्यांत मल्याळी खाणावळी, शिंप्यांची दुकानं, मोबाइल दुरुस्तीची टपरीवजा दुकानं. हिंदी इथे इतकी सहज चालते की अरबी न येता वर्षं काढता येतात.

मागची दोन प्रकरणं आपण युरोपातल्या बरोक वाड्यांमध्ये घालवली. सोनेरी वेलबुट्टी, वळसे घेणारे जिने, छतावरून खाली झेपावणारे देवदूत. त्या नजरेने गुदैबियात काही शोधायला निघालात तर पदरी निराशाच येईल, कारण त्या शैलीची एक वीटही इथे नाही. तरीही हे प्रकरण मी इथेच सुरू करतो आहे, कारण ‘बरोक’ हा शब्द ज्या वस्तूवरून आला ती वस्तू इथल्या समुद्रातून निघायची.

पोर्तुगीज भाषेत ‘बर्रोको’ म्हणजे नीट गोल न झालेला, वेडावाकडा मोती. शब्दाचं मूळ कुठलं यावर भाषापंडितांचे वाद आहेत, पण सर्वांत जास्त मान्यता याच व्युत्पत्तीला आहे. या अर्थाने तो शब्द ज्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांत आढळतो, त्यांतलं एक पुस्तक लिस्बनला किंवा रोमला छापलेलं नाही. ते गोव्यात छापलं गेलं, १५६३ साली. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती, मसाले आणि रत्नं यांवर संवादांच्या रूपात ते लिहिलं. हा तोच ओर्ता, ज्याच्याकडे पोर्तुगीज अमलात मुंबई बेट खंडाने होतं. मोत्यांच्या संवादात तो ओबडधोबड मोत्यांना ‘बर्रोको’ म्हणतो. पुढे अठराव्या शतकात युरोपातल्या टीकाकारांना एखादी कलाकृती नको तितकी नटवलेली, प्रमाण सोडून फुगलेली वाटली की ते तिला याच नावाने हिणवू लागले. शिवी म्हणून आलेला शब्द शैलीचं नाव होऊन बसला.

ओर्ताच्या काळी मोत्यांचा सर्वांत नावाजलेला बाजार होता होर्मुझचा, आणि होर्मुझला मोती पुरवत होतं बहरीन. आपल्याकडे जुन्या नथीत ‘बसरा मोती’ आहे असं आजी अभिमानाने सांगायची. ते मोती बसऱ्याच्या नदीत पिकत नसत. आखातातले मोती कुठल्या तरी मोठ्या बंदराच्या नावाने विकले जायचे, एवढाच त्या नावाचा अर्थ. नथीतल्या त्या दाण्याचं माहेर बहरीनच्या आसपासचं उथळ, कोमट पाणी असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

तर, मोत्याच्या मागे किल्ला आला.

गुदैबियाहून पश्चिमेला गाडीने निघालं की थोड्याच वेळात उंच इमारती मागे पडतात आणि करबाबाद गावाजवळ खजुरीच्या बागांपलीकडे एक लांबट टेकाड दिसतं. सपाट बेटावर बारा मीटर उंचीसुद्धा डोळ्यांत भरते. माथ्यावर पिवळट दगडाचा किल्ला, भोवती रुंद कोरडा खंदक. अधिकृत नाव कलात अल-बहरीन, म्हणजे बहरीनचा किल्ला. लोकांच्या तोंडी मात्र ‘पोर्तुगीज किल्ला’ हेच नाव बसलं आहे.

त्या नावाने पोर्तुगीजांना जरा जास्तच श्रेय मिळतं. किल्ल्याचा गाभा पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, होर्मुझच्या सत्ताधीशांनी बांधलेला. १५०७ नंतर होर्मुझ पोर्तुगीजांच्या दबावाखाली आलं आणि १५१५ मध्ये पुरतं मांडलिक झालं. बहरीनवर तेव्हा जब्री घराण्याचा मुक्रिन राज्य करत होता आणि होर्मुझला खंडणी द्यायला तयार नव्हता. १५२१ मध्ये अंतोनियो कोरैया होर्मुझच्या फौजेसह चालून आला, लढाईत मुक्रिन जखमी होऊन मेला. कोरैयाने पुढे आपल्या घराण्याच्या मानचिन्हात मुक्रिनचं छाटलेलं मुंडकं मिरवलं. तेव्हाच्या शौर्याच्या कल्पना अशा होत्या.

आठ वर्षांनी किल्ला उलटला. होर्मुझच्याच सुभेदाराने बंड केलं. त्याला वठणीवर आणायला सिमाओ द कुन्या आरमार घेऊन आला. तोफा डागल्या, भिंतीला भगदाड पडू लागलं आणि नेमकी दारू संपली. नवी दारू होर्मुझहून येईपर्यंत थांबणं भाग होतं, आणि त्या थांबण्यातच तापाची साथ फौजेत शिरली. माणसं पटापट मेली. सिमाओही त्यातच गेला. त्याचा भाऊ नुनो द कुन्या तेव्हा गोव्याचा गव्हर्नर होता. त्याने पाच वर्षांनी गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळवली. एका भावाच्या हातून बहरीन निसटलं, दुसऱ्याच्या हाती वसई लागली. वसईच्या किल्ल्यात सहलीला गेलेल्या कितीजणांना ही भावंडांची गोष्ट माहीत असेल?

त्या दोन्ही किल्ल्यांत एक साम्य डोळ्यांनी पाहता येतं. बहरीनला खंदकाच्या कडेने चालत गेलं की काही बुरूज आपल्या ओळखीच्या गोल बुरुजांसारखे नाहीत हे लक्षात येतं. ते बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले आहेत आणि मागच्या बाजूला, जिथे बुरूज तटाला मिळतो तिथे, आडोशासाठी कानासारखा फुगवटा आहे. गोल बुरुजाची अडचण अशी की त्याच्या अगदी समोर, पायथ्याशी एक पट्टा असा उरतो जो शेजारच्या कुठल्याही बुरुजावरून दिसत नाही. शत्रू तिथे पोचला की निवांत बसून सुरुंग लावू शकतो. टोकदार बुरुजात हा आंधळा पट्टाच उरत नाही, कारण प्रत्येक बुरुजाची बाजू शेजाऱ्याच्या तोफेच्या रेषेत येते. कानाआड लपवलेली तोफ समोरच्या शत्रूला दिसत नाही, पण ती तटाच्या पायथ्याशी सरळ झाडू फिरवल्यासारखा मारा करते. इटलीतल्या युद्धांनी घडवलेली ही विद्या होती आणि वसईच्या तटालाही ती लावलेली आहे. तिथे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेला बुरुजाखाली सुरुंग नेण्यासाठी किती माणसं गमवावी लागली, याचं कारण या भूमितीत आहे.

बहरीनला ही विद्या इनोफ्रे द कार्वाल्यो या माणसाने आणली. पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या बांधकामांचा तो प्रमुख होता. १५५९ मध्ये अल-हसाच्या उस्मानी सुभेदाराने, मुस्तफा पाशाने, बहरीनला वेढा घातला. किल्ला टिकला, पण रोगराईने दोन्ही बाजू इतक्या खचल्या की शेवटी वाटाघाटी करून तुर्क परत गेले. पुन्हा असं होऊ नये म्हणून १५६१ च्या सुमारास कार्वाल्योने किल्ला नव्याने सजवला. दगड जवळच्या जिद्दा बेटावरून कापून आणले. तिथल्या खडकावर तसा लेखच कोरलेला आहे, आणि त्यात नाव आहे ते होर्मुझच्या बाजूने बहरीनचा कारभार पाहणाऱ्या मुराद शहाचं. आराखडा पोर्तुगीज, मालकी होर्मुझची, दगड स्थानिक. ओर्ताचं पुस्तक गोव्यात छापून निघालं ते यानंतर दोनच वर्षांनी. १६०२ मध्ये इराणच्या सफवी फौजांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांचा तिथला खेळ संपला. ऐंशी वर्षं. टेकाडाच्या वयाच्या मानाने ही शेवटची पातळ साय म्हणायची.

कारण ते टेकाडच मुळात माणसांनी रचलेलं आहे.

१९५३-५४ च्या हिवाळ्यात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी हे दोघे डेन्मार्कच्या मोहिमेसह बहरीनला आले. बेटावर हजारोंनी असलेल्या प्राचीन थडग्यांनी त्यांना बोलावलं होतं. थडगी इतकी, तर ती माणसं राहत कुठे होती? हा प्रश्न घेऊन फिरताना ते या किल्ल्यापाशी पोचले आणि खणायला लागले. एकाखाली एक वस्त्या निघत गेल्या. सर्वांत खालची ख्रिस्तपूर्व २३०० च्या आसपासची. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर ज्या दिलमुन नावाच्या व्यापारी देशाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, त्याची राजधानी इथे होती. सिंधू संस्कृतीच्या मापाची दगडी वजनं इथे सापडली, म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी इथला व्यापारी आपल्याकडच्या तराजूने माल तोलत होता. पुढच्या एका थरातल्या वाड्याच्या जमिनीखाली झाकण घालून पुरलेले मातीचे वाडगे निघाले. त्यांत सापांची हाडं होती, काहींत हाडांबरोबर एखादा मणी, एखाद्यात मोती. अमरत्वाची वनस्पती सापाने गिळली ही गिल्गमेशची कथा बिबीला त्या वाडग्यांपाशी आठवली. मला तो दुवा थोडा ओढूनताणून जोडलेला वाटतो. घराच्या पायात काहीतरी पुरण्याची रीत जगभर आहे, आपल्याकडे वास्तुशांतीत अजून पुरतात. पण ती कथा रंजक आहे आणि बिबीने ती फार छान लिहिली, हे खरं.

आता डागडुजीचा प्रश्न.

समजा तुमच्या हाती हे टेकाड दिलं. माथ्यावर पडका किल्ला. त्याचे काही बुरूज पोर्तुगीज, काही त्याआधीचे. त्याखाली चार हजार वर्षांच्या वस्त्या. किल्ला उभा ठेवायचा तर खाली खणता येत नाही. खाली खणायचं तर किल्ला जातो. किल्लाच सावरायचा ठरवलं तरी कोणत्या सालातला सावरायचा?

बर्लिनच्या लोकांनी या प्रश्नाला जे उत्तर दिलं ते मला आजवर पटलेलं नाही. त्यांचा बरोक राजवाडा पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० मध्ये सुरुंगाने उडवला. त्या जागी १९७६ मध्ये समाजवादी काळाचा ‘प्रजासत्ताकाचा राजवाडा’ उभा राहिला. देश एक होण्याच्या तोंडावर तो अॅस्बेस्टॉसमुळे बंद केला आणि नंतर पाडून टाकला. मग जुन्या बरोक वाड्याच्या तीन बाजू नव्याने बांधल्या, चौथी आधुनिक ठेवली, आणि २०२० मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. म्हणजे एक थर आवडला नाही म्हणून खरवडला आणि त्याखालचा, जो शिल्लकच नव्हता, तो नवा करून लावला. दुरुस्तीचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा मानला जाणारा १९६४ चा व्हेनिस करार याच्या नेमकं उलट सांगतो. वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली रास्त भर जपावी, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्तीचा हात थांबावा.

गोव्यात उलट्या दिशेची चूक झाली. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस हे १५९४ ते १६०५ मध्ये बांधलेलं चर्च. आत संत फ्रान्सिस झेवियरची समाधी, फ्लोरेन्सच्या फोजीनीने घडवलेली, १६९८ मध्ये बसवलेली, अस्सल बरोक काम. बाहेरून मात्र हे चर्च आज लालसर, उघड्या जांभ्याचं दिसतं, आणि पर्यटकांना वाटतं की ते असंच होतं. तसं ते नव्हतं. त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या सुमाराला बाल्ताझार काश्त्रू या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो काढायला लावला, म्हणजे इमारत अधिक प्राचीन दिसेल. कोकणातला कुठलाही गवंडी सांगेल की जांभा उघडा ठेवला तर पावसाळे तो खातात. आता त्याच भिंती झिजताहेत आणि पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद पेटला आहे. ज्यांना लहानपणापासून लाल चर्चच माहीत आहे त्यांना पांढरं चर्च परकं वाटतं. सत्तर वर्षांची चूकसुद्धा एक थर होऊन बसते.

बहरीनमध्ये शत्रू पाऊस नाही, मीठ आहे. इथली जुनी बांधकामं समुद्राच्या दगडाची. प्रवाळाचे ठोकळे, आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यालगतच्या उथळ तळातून उपटून आणलेल्या पातळ फरश्या, ज्यांना ‘फरूश’ म्हणतात. हा दगड हलका आणि सच्छिद्र असतो, उन्हाळ्यात घर थंड ठेवतो, पण त्याच्या अंगातच मीठ असतं. जमिनीतला ओलावा भिंतीतून वर चढतो, पृष्ठभागाशी येऊन वाळतो आणि मागे उरलेल्या मिठाचे स्फटिक वाढत जाऊन पापुद्रे उडवतात. आपण याला लोणा लागणं म्हणतो. समुद्रकाठच्या गावात वाढलेल्या कुणालाही भिंतीवरची ती पांढरी भुकटी आठवेल. यावर सिमेंट थापणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण सिमेंट ओलावा बाहेर जाऊ देत नाही. मग तो आणखी वर चढतो आणि दगडच आतून पोखरतो. भाजलेल्या जिप्समचा आणि चुन्याचा गिलावा मऊ असतो, श्वास घेतो, आणि मीठ आलं तर दगडाऐवजी स्वतः झडतो. काही वर्षांनी तो पुन्हा करायचा. स्वतः मरून दगडाला वाचवणं हेच त्याचं काम. मुहर्रकजवळच्या अराद किल्ल्याची दुरुस्ती १९८४ ते १९८७ या काळात झाली तेव्हा हे भान होतं. तिथे प्रवाळाचा दगड, चुना, जिप्सम यांसारखं मूळचंच साहित्य वापरलं, सिमेंट टाळलं.

मोठ्या किल्ल्याच्या कामात पोर्तुगालच्या गुल्बेंकियन प्रतिष्ठाननेही हातभार लावला. हे प्रतिष्ठान ज्याच्या नावाने आहे तो कालूस्त गुल्बेंकियन इराकच्या तेलातल्या पाच टक्के हिश्श्यावर गब्बर झाला होता. मोत्यांसाठी पोर्तुगीजांनी आखातात जे बुरूज बांधले, ते सावरायला आखातातल्याच तेलाचा पैसा लिस्बनमार्गे परत आला. इतिहासाला असा विनोद सुचतो कधीकधी.

टेकाडाचं काय केलं? मोठा भाग न खणता ठेवला. साधारण चौथा हिस्सा उकरून झाला आहे, बाकी पुढच्या पिढीच्या अवजारांसाठी राखला आहे. १९७० नंतर डॅनिश लोकांच्या जागी फ्रेंच पथक आलं आणि त्यांचं काम दीर्घकाळ चाललं. किल्ल्याचे होर्मुझी बुरूजही ठेवले, पोर्तुगीजही ठेवले. कोणत्याही एका सालातला किल्ला उभा केला नाही. नकाशावर बघितलं तर तो जरा विचित्रच दिसतो, एका कोपऱ्यात गोल, दुसऱ्यात टोकदार. २००५ मध्ये हे सगळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, बहरीनचं पहिलं स्थळ. पुढे हद्द वाढवून समुद्रही त्यात घेतला, कारण जहाजं ज्या नैसर्गिक वाटेने बंदराला लागायची ती वाट आणि उथळ पाण्यात उभा असलेला जुना मनोरा या टेकाडाचाच भाग आहे. हे सोपं नव्हतं. बहरीनमध्ये भराव घालून जमीन वाढवण्याचा धंदा जोरात आहे, आणि किनाऱ्यासमोरचं मोकळं पाणी ही तिथे सर्वांत महाग वस्तू. २००८ मध्ये टेकाडाशेजारीच पाण्याकाठी संग्रहालय सुरू झालं. त्यात एक उंच भिंत आहे, टेकाडाचे थर जसेच्या तसे उभे कापून दाखवणारी. मला किल्ल्याइतकाच वेळ त्या भिंतीसमोर लागला.

मोत्यांच्या घरांची कथा मुहर्रक शहरातली, तीही याच प्रकरणात बसते. तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांची घरं आणि पाणबुड्यांची घरं, मिळून सतरा वास्तू, तीन शिंपल्यांचे समुद्रतळ आणि बू माहिरचा किनारा यांना २०१२ मध्ये युनेस्कोने मोत्यांची वाट म्हणून मान्यता दिली. मुहर्रकच्या या पुनरुज्जीवनाला २०१९ मध्ये आगा खान पुरस्कारही मिळाला. घरांच्या खोल्या सगळ्या अरुंद, जवळजवळ एकाच रुंदीच्या. कारण छताला पूर्व आफ्रिकेहून आणलेल्या तिवराच्या बल्ल्या, आणि त्यांची लांबी ठरलेली. आपल्याकडे घर किती मोठं हे ‘खणां’त मोजतात ना, दोन खणी, पाच खणी? तिथेही लाकडानेच खोलीचं माप ठरवलं. दारं-खिडक्यांना सागवान मलबारचं. सियादी घराच्या बैठकीत जिप्सममध्ये कोरलेली जाळी पाहिली तर बरोकच्या जवळ जाणारी हौस इथल्या धनिकांनाही होती हे कळतं.

ती हौस कुणाच्या जिवावर, हे मात्र पाणबुड्याच्या छोट्याशा घरात उभं राहिल्यावर समजतं. होडीच्या कप्तानाला तिथे ‘नोखदा’ म्हणतात, आपल्या कोळ्यांचा नाखवा तोच. हंगामाआधी तो उचल द्यायचा, हंगामानंतर हिशोब व्हायचा, आणि बहुतेक वेळा कर्ज उरायचंच. नाकाला चिमटा, पायाला दगड, वर दोरी धरणारा साथीदार. मोती पितळी चाळण्यांतून आकारानुसार वेगळे व्हायचे, बाजारात तोलले जायचे आणि मुंबईला जायचे. वेडेवाकडे सर्वांत स्वस्त.

१९१२ मध्ये पॅरिसच्या झवेरी घराण्यातला जाक कार्तिए स्वतः इथे मोती बघायला आला होता. त्यानंतर वीस वर्षांच्या आत जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदा झोपवला. १९३२ मध्ये बहरीनला तेल लागलं, आणि त्याच वर्षी मुहर्रकच्या ज्या जुन्या घराचा वारा खेचणारा मनोरा आज पर्यटक बघतात, त्या घराचा धनी, शेख ईसा बिन अली, वारला. त्याची कारकीर्द सुरू झाली तेव्हा मोत्यांचं राज्य होतं.

संध्याकाळी किल्ल्याच्या तटावर बसलो होतो. ओहोटी लागली होती. समोरच्या उथळ पाण्याचा रंग बदलत गेला आणि बंदराकडे येणारी जुनी वाट गडद पट्ट्यासारखी वेगळी दिसू लागली. पलीकडे भरावावर क्रेन चालू होती. खाली पार्किंगमध्ये गुदैबियाहून आणणारा माझा टॅक्सीवाला, केरळचा, फोनवर कुणाला तरी सांगत होता, ‘‘हां, पोर्तुगीज फोर्टपे हूं.’’